वडूजच्या विहिरीवरची पेटी

दि. १२ फेब्रुवारी, सोमवार. सातारा.

माझ्या मालाची खरी परीक्षा आजवर झालेलीच नाही, असे आज माझ्याच कारखान्यात मला ऐकावे लागले. बोलणारी माझी सून उत्कर्षा. ती इंजिनिअर आहे. बोलली हळू आवाजात, हे मान्य करतो. परंतु हळू बोलल्याने अपमान लहान होत नाही.

विहिरीवरील पंप चालू-बंद करणारी स्टार्टरची पेटी आम्ही बनवतो. तिची घडण माझी आणि नाव माझ्या पत्नीचे, ‘गोदावरी’. आता सांगलीचे एक पंपवाले आपल्या प्रत्येक पंपासोबत आमची पेटी देण्यास तयार आहेत. अट अशी की, पेटी आधी उष्णता आणि दमटपणा यांच्या चेंबरमध्ये तपासावी आणि तो चेंबर आमच्याच कारखान्यात असावा. उत्कर्षाने स्वतः एक नवी पेटी तयार केली आहे. पंपवाले दोहोंपैकी एकच घेणार. जी राहील ती राहील. दुसरीचे उत्पादन बंद होईल. इतका कामगारवर्ग आमच्याकडे नाही की दोन्ही चालाव्यात.

मी सांगितले की, मी दर हंगामात उंब्रजच्या गुऱ्हाळात रस उकळणाऱ्या काहिलीच्या वर चार पेट्या टांगतो. हंगामभर त्या ताप खातात, वाफ खातात, आणि उतरवल्यावर चालतात. याहून मोठी परीक्षा कोणती?

उत्कर्षा म्हणाली, “आबा, गुऱ्हाळ गार पडत नाही. विहिरीवरची पेटी दुपारी तापते, पहाटे गार होते आणि आत दव धरते. पेटी वाफेने मरत नाही, दवाने मरते.”

“आमचे मेहुणे दादासो यांच्या वडूजच्या विहिरीवर माझी पेटी अजून चालू आहे,” मी म्हणालो. “तिथे दव पडत नाही काय?”

ती हातातल्या पेटीचा स्क्रू आवळू लागली. कामगार ऐकत होते. तेव्हा मी सर्वांसमक्ष जाहीर केले: चेंबर आणावा. तो मी निवडीन. त्यातून जी पेटी जिवंत बाहेर येईल तीच सांगलीला जाईल, मग ती कोणाचीही असो.

चिरंजीव वीरधवल म्हणाला, “आबा, शब्द देताय, नीट विचार करा.” मी शब्द विचार करूनच देतो.

दि. १७ फेब्रुवारी, शनिवार.

सांगलीस गेलो होतो. चेंबर विकणारे गृहस्थ मुकुल म्हणून आहेत. गोड बोलतात, आणि दर वाक्यात ‘सर’ म्हणतात. त्यांच्या दुकानाच्या मागच्या बाजूस हळदीची गोदामे असल्याने संपूर्ण वेळ नाकात हळद होती.

त्यांनी प्रथम लहान चेंबर दाखवला. उत्कर्षाने त्याची बारकाईने चौकशी केली. आतल्या सर्व कोपऱ्यांत उष्णता सारखी राहते का, दमटपणा शेकडा पंच्याण्णवपर्यंत टिकतो का, तापवून पुन्हा गार करताना वस्तूवर दव धरते का, पाणी कोणते लागते, बिघडल्यास माणूस कोल्हापुराहून येणार की पुण्याहून. प्रश्न योग्य होते. ते मीही विचारले असते.

मुकुलने मग शून्याखाली चाळीस अंश जाणारा चेंबर सुचवला. मी विचारले, “साताऱ्यात बर्फ पडल्याचे आपण कधी ऐकले आहे काय?”

“नाही सर. पण पुढेमागे माल लडाखला गेला तर?”

“तिकडे विहिरी नाहीत,” मी म्हणालो. उत्कर्षा हसली. माझ्या बोलण्यावर ती बऱ्याच दिवसांनी हसली.

परंतु पुढे मतभेद झाला. तिला लहानच चेंबर हवा होता. दोन पेट्या त्यात आरामात मावतात, असे तिचे म्हणणे. मला तो लग्नात आलेल्या फ्रिजसारखा वाटला. शेजारी मोठा उभा होता, माणसाच्या उंचीचा. दाराला रुंद काच, आत दिवा. पत्र्यावर बोटाने टिचकी मारून पाहिली. भरीव आवाज आला. मी म्हणालो की, ज्यात माझी पेटी बसायची ती जागा खुराड्यासारखी नसावी. शिवाय काच हवी. आत काय चालले आहे ते मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आहे.

“आबा, मोठा स्टोअरमध्ये जाणार नाही,” ती म्हणाली. “दार अरुंद आहे. मी माप घेतलंय. मग एकच जागा उरते.”

“जागा करता येते,” मी म्हणालो.

“लहानच घेऊ या, आबा. माझं ऐका.”

तिने वीरधवलकडे पाहिले. तो माझ्याकडे पाहत राहिला. मोठ्याची मागणी नोंदवून आम्ही परतलो. मी निवडलेल्या वस्तूला नकार द्यायचा म्हणून ती दाराची मापे काढत होती, हे मला कळत नाही असे तिला वाटते.

दि. १८ फेब्रुवारी, रविवार.

पत्नीस चेंबरविषयी सांगितले. ती वडूजची, शहरात राहूनही बोली सुटलेली नाही. म्हणाली, “आवं, माज्या नावाची पेटी वाफंत घालून काय मिळणार हाय तुमास्नी? सूनबाईची जाऊ द्या की सांगलीला.”

मी म्हणालो, “तुझ्या नावाचा तुला अभिमान नाही.”

“माजं नाव शेतात टांगा म्हणून मी कवा सांगितलं हुतं?”

स्त्रियांना कीर्तीचे मोल कळत नाही. विषय थांबवला.

दि. २१ मार्च, गुरुवार.

चेंबर आला. तो स्टोअरच्या दारातून गेला नाही. एकच जागा उरली, म्हणजे माझी केबिन. मला वाटले होते की वीरधवल एखादी भिंत पाडेल. भिंत पाडली, परंतु माझ्या केबिनची.

मुकुलचा माणूस म्हणाला, “खोली गार लागणार. भोवतालची हवा तापली की मशिन बंद पडतं.” दुपारपर्यंत खोलीत एसी बसला. मी त्या खोलीत सारे उन्हाळे पंख्याखाली काढले आणि एसीला स्वतःच नकार देत आलो, कारण कामगार घाम गाळत असता मालकाने गारव्यात बसू नये. यंत्राला असा संकोच नसतो.

माझे टेबल उत्कर्षाच्या टेबलाशेजारी ठेवले आहे. ती म्हणाली, “आबा, खिडकीजवळची जागा तुमची.” मी खिडकीजवळ बसलो नाही. चेंबरच्या काचेपुढे स्टूल मांडून बसतो.

दि. १ एप्रिल, सोमवार.

एक नवी ‘गोदावरी’ आणि एक उत्कर्षाची पेटी अशा दोन्ही चेंबरमध्ये होत्या. यंत्र त्यांना पंचावन्न अंशांपर्यंत तापवते, दमट हवा सोडते, मग गार करते. गार होताना पत्र्यावर दवाचे थेंब उभे राहतात. हे मी काचेतून पाहिले. पहाटे विहिरीवर गेलेल्या माणसाला ते ओळखीचे वाटावेत असे होते. हे येथे लिहितो. तेथे बोललो नाही.

आज पेट्या बाहेर काढल्या. उत्कर्षाची एका दाबात चालू झाली. माझ्या पेटीचे हिरवे बटण दाबले ते आतच राहिले. उघडून पाहता कॉइलमध्ये पाणी शिरले होते आणि तांब्याच्या टोकांवर हिरवट बुरशीसारखा थर आला होता.

मी म्हणालो की हल्लीची तार हलकी आहे आणि कॉइल सैल गुंडाळली आहे. कॉइल गुंडाळणारी मंगल समोरच होती. ती म्हणाली, “आबा, ढिली न्हाई. तुमीच शिकवलीया तशीच हाय.”

वीरधवल म्हणाला, “आबा, तुमचा शब्द—”

“माझा शब्द ‘गोदावरी’विषयी होता,” मी म्हणालो. “ही हल्लीच्या हातांची आहे. माझ्या हातची पेटी वडूजला आहे. ती आणून यात ठेवू. ती पडली तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही.”

कोणी विरोध केला नाही. उत्कर्षाने फक्त विचारले, “आईंना विचारलंत का?” यात आईंचा काय संबंध, ते समजले नाही.

दि. १० एप्रिल, बुधवार. वडूज.

पाडवा झाल्यावर वडूजला आलो. सौ. आली नाही, गुडघ्याचे निमित्त सांगितले. कालपर्यंत गुडघा बरा होता.

दादासोंनी आदरातिथ्यात कसूर केली नाही, परंतु पेटीचे नाव काढताच त्यांचा चेहरा उतरला.

“आवं दाजी, चालू हिरीवरची पेटी काडत्यात व्हय? कांदा पान्यावर आलाय.”

“मी सोबत नवी आणली आहे. ती लावा.”

“नवी ऱ्हाऊ द्या. ही सवयीची हाय. तुमची आटवन हाय, दाजी.” 

त्यांचे डोळे खरोखर ओलावले. मी आग्रह धरला. शेवटी दादासो स्वतःच खांबावरून पेटी उतरवू लागले. मी म्हणालो की जरा झाकण काढून पाहू. तेव्हा ते चटकन मध्ये आले. “आत नगा बगू दाजी. गांधीलमाशीनं घर केलंय. तोंडावर येतील.”

गांधीलमाशी एकही दिसली नाही. तरीही मी उघडणार नव्हतोच, कारण परीक्षेला जाणाऱ्यास आधी चाचपणे न्यायाचे नव्हे. झाकणाच्या चारही स्क्रूंवर लाख वितळवून ओतली आणि तीवर माझ्या अंगठीचा ठसा उमटवला. म्हणजे सातारला कोणी हात लावला तर कळेल. दादासो पाहत होते. मी उघडत नाही असे दिसल्यावर त्यांनी दीर्घ श्वास सोडला. माझ्या हातच्या वस्तूवर एवढी माया करणारा मनुष्य आता घरातही राहिला नाही.

एक किरकोळ गोष्ट. उतरवण्यापूर्वी बटण दाबून पाहिले. ‘खट्’ आवाज माझ्या आठवणीपेक्षा हलका वाटला. कान पूर्वीसारखे राहिले नाहीत. आणि पंपाच्या खोलीत कोनाड्यात गंजलेल्या कॉइलींचा ढीग दिसला. विचारता दादासो म्हणाले, “शेजाऱ्याचं भंगार हाय.” शेजारी भंगार दुसऱ्याच्या कोनाड्यात का ठेवतो, ते विचारणे मला प्रशस्त वाटले नाही.

दि. १८ एप्रिल, गुरुवार.

वडूजची पेटी उत्तीर्ण झाली.

आज सकाळी चेंबरचे दार उघडले. पेटीवर दव ओघळत होते. ‘गोदावरी’ ही अक्षरे उन्हाने पुसट झाली आहेत, परंतु वाचता येतात. मी स्वतः हिरवे बटण दाबले. पेटीने ‘खट्’ करून उचलले. लाल दाबले. सुटले. पुन्हा हिरवे. पुन्हा उचलले. कामगार जमले होते. मी त्यांना सांगितले की, सांगलीचा माल जुन्या पद्धतीनेच निघेल, जुन्या तारेने, माझ्या देखरेखीखाली. माझी केबिन गेली तरी चालेल, नाव राहिले.

कोणी टाळी वाजवली नाही. हल्लीच्या मुलांना रीत नाही.

उत्कर्षा म्हणाली, “आबा, अहवाल लिहायला आतून पाहावं लागेल. मला एक दिवस द्या.”

“चालली ना? मग आत काय पाहायचे?”

“पद्धत आहे, आबा.”

पद्धत म्हटल्यावर मी अडवू शकत नाही. फक्त बजावले की, लाख माझ्यासमोर फोडायची. ती “हो” म्हणाली.

घरी सौ.ला वार्ता दिली. ती भाकरी थापत होती. हात थांबला, मग पुन्हा थापू लागली. “बरं झालं,” एवढेच म्हणाली. मला वाटते तिला मनातून आनंद झाला असावा.

दि. २२ एप्रिल, सोमवार.

उत्कर्षा अहवालावर सही करण्यास नकार देते.

मी कारण विचारले. “आबा, कारण विचारू नका. माझी पेटी नका पाठवू हवं तर. पंपवाल्यांना नाही म्हणू. पण या पेटीच्या अहवालावर मी सही करणार नाही.”

“चार बुके जास्त शिकून हार पचवण्याची विद्या मिळत नाही, हे आज कळले,” मी म्हणालो.

वीरधवल उठून बाहेर गेला. ती तेथेच उभी राहिली. रागावली असती तर मला बरे वाटले असते. ती माझ्याकडे आजारी माणसाकडे पाहावे तसे पाहत होती.

सायंकाळी, सर्व गेल्यावर, पेटी पाहावी असे मनात आले. चेंबरच्या खोलीत ती फळीवर होती. लाख जागच्या जागी होती. परंतु चारांपैकी एकाही ठिकाणी माझ्या अंगठीचा ठसा नव्हता. कोणीतरी लाख फोडून पुन्हा ओतली होती.

म्हणजे हात लावला गेला. आत काहीतरी मोडून ठेवले असणार. उद्या ‘बिघडली’ म्हणतील. हा उद्योग कोणाचा, हे सांगण्याची गरज नाही. उद्या सर्वांसमक्ष उघडीन.

दि. २३ एप्रिल, मंगळवार.

उघडली.

सर्वांना बोलावले. लाखेचा प्रकार दाखवला. उत्कर्षा पुढे आली. “मीच फोडली. मी सांगते सगळं. पण आबा, सर्वांसमोर नको. केबिनमध्ये चला.”

“केबिन आहे कोठे?” मी म्हणालो, आणि स्क्रू काढले.

झाकण माझे. पेटीचा पत्रा माझा. वळणावरील माझ्या हातोडीची खूण मी ओळखतो. आतील एकही वस्तू माझी नाही. कॉइल निळ्या आवरणाची, बंदिस्त, दुसऱ्या कंपनीची. तिच्यावरचे नाव कोणीतरी कानशीने घासून काढले होते, काळजीपूर्वक, एकही ओरखडा बाजूला जाऊ न देता. हे काम उत्कर्षाचे नव्हते. घासलेल्या जागेवर वर्षांची धूळ बसून काळी झाली होती.

दादासोंनी आतले सर्व काढून टाकले आणि झाकण ठेवले. कोनाड्यातील ढीग शेजाऱ्याचा नव्हता.

एसीचा आवाज येत होता. मंगल पुढे वाकली, पाहिले, आणि म्हणाली, “जुन्या मालाला निळी कॉइल असायची. न्हाई का, आबा?”

ती बाई माझ्या हाताखाली शिकली. आमच्याकडे निळी कॉइल कधीही नव्हती, हे तिला माझ्याइतके ठाऊक आहे. तिने मला सर्वांसमोर वाट करून दिली होती. “होय, असायची,” म्हणालो असतो तर सर्वजण मान हलवून कामाला लागले असते, आणि त्यातील एकानेही विश्वास ठेवला नसता.

“नसायची,” मी म्हणालो.

मग उत्कर्षाला सांगितले की, तिच्या पेटीचा अहवाल सांगलीला पाठवावा. ती “आबा—” असे काही म्हणू लागली. मी ऐकून घेतले नाही. तिने लाख पुन्हा ओतली ती माझ्यासाठी, हे कळण्याइतकी अक्कल चौथीतही येते. परंतु तिचे आभार मला मानता आले नाहीत, आजही येत नाहीत. दया करणाऱ्याचे आभार कसे मानतात, ते मला कोणी शिकवलेले नाही.

घरी येऊन सौ.ला विचारले, “तुला ठाऊक होते?”

“व्हय.”

“आणि सूनबाईला?”

“गौरीच्या सणाला दादाकडं गेली हुती तवा तिनं बगितलं. मी गळ घातली, आबास्नी सांगू नगंस म्हनून.”

“मग पाडव्याला मला जाऊ का दिलेस?”

“तुमास्नी कवा कुनी अडवलंय?” ती म्हणाली. मग ताट मांडता मांडता, “मी दादाला म्हनलं हुतं, ते झाकन बी फेकून दे. पेटी बंद पडली की गडी मान्सं रातच्याला माज्या नावानं शिव्या घालायची. तर म्हनला, न्हाई. दाजी आलं तर दिसाय पायजे. दाजींचं झाकन हाय तवर पेटी दाजींचीच.”

मी जेवलो नाही. तिनेही आग्रह केला नाही.

दि. २६ एप्रिल, शुक्रवार.

उत्पादन आजपासून बदलले. ‘गोदावरी’ अक्षरांचा साचा मंगलने पुसून कापडात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवला. मी तो खिडकीत ठेवला आहे. टेबल आता खिडकीजवळच आहे. कोणी सरकवले ते विचारले नाही.

वडूजची पेटी परत पाठवायची होती. वीरधवल म्हणाला, “आबा, झाकण काढून ठेवू का? मामांना फक्त आतलं पाठवू.” मी नको म्हणालो. झाकण लावले, चारही स्क्रू आवळले, लाख ओतली आणि प्रत्येक थेंबावर अंगठीचा ठसा नीट उमटेपर्यंत दाबून धरला. शेवटचा ठसा उमटवताना बोट भाजले.

दि. ३० एप्रिल, मंगळवार.

दादासोंचा दूरध्वनी आला. पेटी पोहोचली, विहिरीवर चढवली. लाख जशीच्या तशी पाहून त्यांच्या जिवात जीव आला असावा. आवाज मोकळा होता.

“मग दाजी, कशी काय झाली परीक्षा?”

“उत्तम झाली.”

“म्हंजे पास झाली म्हना की आपली पेटी.”

सौ. दारात उभी राहून ऐकत होती.

“झाली,” मी म्हणालो. “चेंबर मीच निवडला होता. मोठा. त्यातून निघणे सोपे नव्हते.”

“लय दनकट, दाजी. तुमच्या हातची हाय ती.”

मी फोन ठेवला. सौ.ने विचारले, “काय म्हनला दादा?”

“कांदा चांगला आला आहे,” मी सांगितले.